हापूस विमानात बसतो तेव्हा: ताजं आणि फ्रोझन अन्न परदेशी कसं जातं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी भाग.

आजचा विषय तसा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. एप्रिल-मे आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच चर्चा असते, "या वर्षी पेटी कितीला?" आकडा ऐकून इथले लोक डोक्याला हात लावतात. विमानाचं भाडं महाग, हे तर आहेच. पण मुंबईहून नेवार्कला थेट विमान साधारण १६ तासांत पोचतं. मग एवढा खर्च, एवढी धावपळ नक्की कशाची? तर विमान उडण्याआधीच्या तासांची. आंबा वाचतो किंवा वाया जातो तो बहुतेक वेळा जमिनीवरच. कसा, ते आज बघू.

आंबा जिवंत असतो!

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. झाडावरून काढलेलं फळ मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं, म्हणजे ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर सोडत असतं. शिवाय आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो. त्या वायूने तो स्वतः पिकतो आणि शेजारच्यालाही पिकवतो. बंद पेटीत, बंद गोदामात हे सगळं साचत गेलं की चार दिवसांचं पिकणं दोन दिवसांत उरकतं. म्हणून पेटीला भोकं असतात.

म्हणूनच निर्यातीचा आंबा पिकलेला काढत नाहीत. कोकणातले बागायतदार म्हणतात, "चौदा आणे तयार" हवा. झेल्याने, देठासकट, अलगद काढायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. तो आंबा चवीला उत्तमच असतो, पण निर्यातीतून बाद.

मग सरळ फ्रिजमध्ये टाकला तर? तेही चालत नाही. आंबा उष्ण प्रदेशातलं फळ. साधारण १२-१३ अंशांच्या फार खाली जास्त वेळ राहिला तर त्याला थंडी बाधते. साल काळपट होते, चव बिघडते आणि नंतर तो नीट पिकतच नाही. म्हणजे गरमही नको, फार थंडही नको.

प्रत्येक देशाचा नियम वेगळा

आता माशी आणि भुंगा. फळमाशीची अंडी किंवा कोयीतला भुंगा आपल्या आंब्यातून परदेशात पोचला, तर तिथल्या बागा धोक्यात येतात. म्हणून प्रत्येक देश आपापली अट घालतो.

अमेरिकेने अनेक वर्षं भारतीय आंबा बंद ठेवला होता. २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, पण आंब्यावर किमान ४०० ग्रे इतक्या विकिरणाची प्रक्रिया करायची या अटीवर. याने आंबा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण होत नाही, तसंच. कीड मात्र पुढे वाढू शकत नाही. सुरुवातीच्या काळात ही प्रक्रिया लासलगावच्या केंद्रात झाली. म्हणजे जे केंद्र कांद्यासाठी उभं राहिलं, तिथे कोकणातला हापूस जायचा आणि मग मुंबई विमानतळावर यायचा! पुढे वाशीला राज्याच्या पणन मंडळाची सोय झाली.

युरोपसाठी गरम पाण्याची प्रक्रिया असते: ४८ अंशांच्या पाण्यात तासभर. जपानसाठी गरम वाफेची. युरोपीय संघाने तर २०१४ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती. कारण आधीच्या मालात फळमाश्या सापडल्या होत्या. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक अट आहे. प्रक्रिया चालू असताना त्यांचा निरीक्षक इथे हजर लागतो. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि अमेरिकेची निर्यात थांबली. झाडावर आंबा होता, खाणारे होते, फक्त सही करणारा माणूस नव्हता.

कागद चुकला की आंबा गेला

हे वाक्य अतिशयोक्ती वाटेल, म्हणून २०२५ ची गोष्ट सांगतो. मे महिन्यात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे भारतीय आंब्याच्या सुमारे १५ खेपा अडवल्या गेल्या. कारण कीड नव्हतं. विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रात गफलत होती. निर्यातदारांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले: माल परत न्या, नाहीतर तिथेच नष्ट करा. परत आणायचं भाडं मालापेक्षा जड, आणि तोवर आंबा टिकणार कुठे? माल नष्ट करावा लागला. नुकसान सुमारे ५ लाख डॉलर, असं निर्यातदारांनी सांगितलं.

इथे लक्षात घ्या, कपड्यांच्या कंटेनरचा कागद चुकला तर दंड भरून, आठवडाभर थांबून माल सुटू शकतो. आंब्याकडे आठवडा नसतो.

विमानतळावरचे धोक्याचे तास

बरंचसं ताजं अन्न वेगळ्या मालवाहू विमानाने जात नाही. तुम्ही-आम्ही बसतो त्याच विमानाच्या पोटात, आपल्या बॅगांच्या शेजारी जातं. पेट्या आधी ॲल्युमिनियमच्या पाटावर रचून जाळीने बांधतात किंवा डब्यात भरतात. विमानतळावर शीतगृह असतं. पण शीतगृहातून निघून विमानात चढेपर्यंतचा वेळ उघड्यावर जातो. मे महिन्यातली दुपार, खाली तापलेलं काँक्रीट, आणि विमान दोन तास लेट. म्हणून पेट्यांवर उष्णता परतवणारं चकचकीत आवरण घालतात आणि जमेल तिथे रात्रीचं विमान बघतात.

भाड्याचं गणितही गमतीशीर आहे. विमान कंपनी वजन बघते आणि आकारही. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. समजा, कोथिंबिरीचा खोका ५० बाय ४० बाय ३० चा आहे. हिशोब येतो १० किलो. आत कोथिंबीर ५ किलोच असली तरी भाडं १० किलोचं! आंबा भरीव असतो, त्यामुळे तिथे बहुधा खरं वजनच लागू होतं.

आणि फ्रोझन?

गोठवलेली कोळंबी, आंब्याचा गर, फ्रोझन मोदक यांचं शास्त्र उलटं. हे श्वास घेत नाहीत. यांना फक्त उणे १८ अंश किंवा त्याहून थंड ठेवायचं, बस. एकदा वितळून पुन्हा गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पोत बिघडतो, आणि मधल्या वेळात जंतू वाढले असतील तर तब्येतीलाही धोका.

विमानात अशा मालासाठी ड्राय आइस वापरतात, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. तो वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. म्हणून खोका हवाबंद करायचा नाही, नाहीतर फुगून फुटेल. शिवाय बंद जागेत हा वायू साचला तर माणसाला आणि प्राण्यांना घातक. त्यामुळे विमान वाहतुकीत ड्राय आइस 'धोकादायक माल' धरला जातो. किती किलो आहे ते खोक्यावर लिहावं लागतं आणि एका विमानात किती न्यायचा यालाही मर्यादा असते.

म्हणूनच फ्रोझन मालाचा मोठा भाग जहाजाने, थंड कंटेनरमधून जातो. त्याला घाई नसते. खरं तर आंब्यालाही जहाजात बसवायचे प्रयत्न चालू आहेत. २०२२ मध्ये पणन मंडळाने समुद्रमार्गे अमेरिकेला आंबा पाठवला, सुमारे २५ दिवसांचा प्रवास. हे नेहमीचं झालं तर पेटी स्वस्त होईल. पण त्यासाठी आंब्याचा श्वास २५ दिवस धीमा ठेवावा लागतो.

तुम्हाला पाठवायचं असेल तर

घरून कुरिअरने ताजे आंबे अमेरिकेला पाठवायचा विचार सोडून द्या, प्रक्रिया आणि प्रमाणपत्राशिवाय ते आत जात नाहीत. युरोपात खासगी पार्सलमधून मांसाचे आणि तूप-पनीरसारखे दुधाचे पदार्थ चालत नाहीत. फ्रोझन पाठवायचं असेल, तर कुरिअरवाल्याला तीन प्रश्न विचारा: ड्राय आइस तुम्ही घेता का? विमान लेट झालं तर खोका कुठे ठेवता? आणि तिकडे कस्टममध्ये दोन दिवस अडकला तर बर्फ पुन्हा कोण भरणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर पैसे देऊ नका.

तुमच्याकडचं कोणी आंबा किंवा मासळी बाहेर पाठवत असेल, तर त्यांना हा भाग नक्की पाठवा आणि काही राहिलं असेल तर आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!