ध्वनिमुद्रिका कर्कश का वाजते?

एका घरी गोड वाजलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्या घरी कानाला टोचते. तबकडी स्वच्छ, सुई नवी. तरी व्हायोलिन किंचाळते! अशा वेळी नवी सुई आणण्याआधी तारांकडे पाहावे.

सुई खाचेतून थरथरत जाते, तेव्हा तिच्या दांडीवरचे इवलेसे चुंबक कार्ट्रिजमधील वेटोळ्यांजवळ हलते. त्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट दाब मिळतो, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या दाबाचा तीनशेवा भाग. तो फोनो प्रवर्धक वाढवतो. प्रवर्धकाचा रोध बहुधा ४७,००० ओहम असतो. त्याला सहसा हात लावावा लागत नाही. खरी गंमत धारितेत आहे.

वेटोळ्यांना प्रवर्तकता असते, तर जोडतारांना व प्रवर्धकाला धारिता. समजा, प्रवर्तकता अर्धा हेन्री आणि एकूण धारिता ५०० पिकोफॅरड आहे. दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला ६.२८ ने गुणा आणि येणाऱ्या संख्येने १ ला भागा. उत्तर येते सुमारे १०,००० हर्ट्झ. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा, तसे त्या आसपासचे स्वर फुगतात. तीच ती किंचाळी! धारिता १२५ वर आणली, तर ही जागा कानाच्या मर्यादेपाशी, २०,००० हर्ट्झला सरकते आणि फुगवटाही जवळजवळ मावळतो.

साध्या तारेची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड भरते. म्हणून तार आखूड घ्यावी. काही प्रवर्धकांना धारिता निवडण्याचे बटणही असते. मात्र ती सरसकट कमी करू नका. काही कार्ट्रिजचे उंच स्वर मुळातच मंद असतात. निर्मात्याने थोडा फुगवटा हिशेबात धरलेला असतो. अशांच्या माहितीपत्रकात २०० ते ३०० पिकोफॅरड असे छापलेले आढळते.