ताटातून काय काढायचे, आणि परत कधी वाढायचे?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आयल ऑफ वाइट नावाचे एक छोटे बेट आहे. तेथे २००१-०२ मध्ये जन्मलेल्या ९६९ मुलांचा तिसऱ्या वर्षापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. ‘आमच्या मुलाला अमुक पदार्थ सोसत नाही’ असे या काळात कधी ना कधी सांगणारे पालक होते सुमारे ३४ टक्के. संशयित पदार्थ देखरेखीखाली खायला घालून आणि सगळी हकीकत नीट तपासून पाहिली, तेव्हा त्रास सिद्ध झाला तो ५ ते ६ टक्के मुलांच्या बाबतीत. या अभ्यासाच्या प्रमुख संशोधक कॅरिना व्हेंटर व्यवसायाने आहारतज्ज्ञ आहेत, हे मुद्दाम सांगण्यासारखे.

पालक खोटे बोलत होते असे मुळीच नाही. मुलाच्या अंगावर पुरळ उठलेले असते, पोट दुखलेले असते. कारण मात्र वेगळे असते. यात दोन्ही बाजूंची चूक महागात पडते. खरी ॲलर्जी ओळखली गेली नाही तर जिवावर बेतू शकते. नसलेली ॲलर्जी आहे असे धरले, तर वाढत्या मुलाच्या ताटातून दूध, अंडी, गहू वर्षानुवर्षे नाहीसे होतात. या दोहोंमधून वाट काढण्यात आहारतज्ज्ञाचा मोठा वाटा असतो, आणि त्यासाठी लागणारी तयारी कॅलरींच्या तक्त्यापलीकडची आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, जुलाब होणे हे बहुधा दुधातील लॅक्टोज ही साखर न पचल्यामुळे होते. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. तिच्या एका प्रकारात आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार होतात आणि खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. दुसऱ्या प्रकारात या प्रतिपिंडांचा संबंध नसतो. त्रास काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसतो, आणि तेथे रक्ततपासणीचा उपयोग होत नाही.

पहिल्या प्रकारात तरी रक्ततपासणीने प्रश्न सुटतो का? कर्नाटकातील प्रौढांच्या एका पाहणीत (ती २०१६ साली प्रसिद्ध झाली) २४ पदार्थांविरुद्धचे आयजीई मोजले गेले. त्यांपैकी एखाद्या तरी पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड असलेले लोक निघाले २६.५ टक्के. प्रत्यक्षात ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली ती १.२ टक्के लोकांत. म्हणजे रक्तात प्रतिपिंड असूनही बहुतेक जण तो पदार्थ खुशाल खात होते! प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना आकड्यांचा मोह असतो. पण पन्नास-शंभर पदार्थांची एकगठ्ठा तपासणी करून हाती येणारी लांबलचक यादी पाहिली की आम्हालाही धास्ती वाटते. ती यादी घेऊन पालक आहारतज्ज्ञाकडे जातात आणि ‘आता हे सगळे बंद ना?’ असे विचारतात. ‘नाही’ हे उत्तर कारणासह देता येणे हे पहिले कौशल्य. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासण्याही ‘अन्न न सोसण्याच्या’ म्हणून विकल्या जातात. आयजीजी आढळणे म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे, याहून फारसे काही त्यातून कळत नाही.

मग निदानाला आधार कशाचा? मुख्यतः हकीकतीचा. काय खाल्ले, किती, कच्चे की शिजवलेले. किती वेळाने त्रास झाला. तोच पदार्थ पूर्वी खाल्ला तेव्हा काय झाले, आणि नंतर खाल्ला तेव्हा काय झाले? ऐकायला सोपे वाटते, पण असे प्रश्न उत्तर न सुचवता विचारावे लागतात, आणि ती कला पुस्तकातून येत नाही. उशिराच्या प्रकाराचा संशय असेल तर पदार्थ साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करतात आणि मग परत देऊन पाहतात. त्रास गेला आणि परत आला, तरच संशय पक्का. दुसरी पायरी फार वेळा गाळली जाते. मूल बरे दिसत असते, आई म्हणते, ‘आता कशाला विषाची परीक्षा?’ आणि तात्पुरते पथ्य कायमचे होऊन बसते.

अशा पथ्याची किंमत किती असू शकते? २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एका २२ महिन्यांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला इसब होते, दूध सोसत नाही असा समज झाला होता, म्हणून त्याला दुधाऐवजी तांदळापासून केलेले तयार पेय दिले जाई. ते दिसते दुधासारखे, पण त्यात प्रथिन जवळजवळ नसते. मुलाला क्वाशिऑरकर झाला होता. म्हणजे आपण कुपोषणाच्या धड्यात जी सुजवटी शिकवतो तीच. हे घडले अन्नधान्याची टंचाई नसलेल्या सुखवस्तू देशात!

म्हणून पदार्थ काढताना त्यातून काय गेले आणि ते कोठून भरून काढायचे, याचा हिशेब तेथल्या तेथे व्हायला हवा. आपल्याकडे नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. मात्र नाचणीतील सगळेच अंगी लागत नाही, आणि तान्ह्या बाळाला नाचणी हा दुधाचा पर्याय नव्हेच. ‘गाईचे चालत नाही तर शेळीचे द्या’ हा घरगुती सल्लाही धोक्याचा आहे. दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतील नऊ मुलांना शेळीचे दूधही बाधते.

येथे थोडे रसायनशास्त्र कामाला येते. दुधातील मठ्ठ्याची प्रथिने उष्णतेने बरीच बदलतात, केसीन मात्र टिकून राहते. गव्हाच्या पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजलेले दूध, उदाहरणार्थ बिस्किटातले, ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना चालते. यावर बेतलेली ‘दुधाची शिडी’ २०१३ साली ब्रिटनमधील एका मार्गदर्शिकेत आली: आधी बिस्किट, मग केक, पुढे चीज, दही आणि शेवटी दूध. ती होती उशिराच्या, सौम्य प्रकारासाठी. आयजीईच्या प्रकारात, विशेषतः पूर्वी श्वास कोंडला असेल तर, ही शिडी घरी आपल्या मनाने चढायची नसते. कोणाला पायरी द्यायची आणि कोणाला रुग्णालयात पाठवायचे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हाती शिडीचा कागद नसलेलाच बरा. शेंगदाण्याचे तर उलट आहे: भाजल्याने त्याची ॲलर्जीकारक प्रथिने अधिक चिवट होतात. उकडलेल्या शेंगा आणि भाजलेल्या दाण्यांचा कूट या दृष्टीने एक नव्हेत, पण म्हणून दाण्याची ॲलर्जी असलेल्याला उकडलेल्या शेंगा चालतील असेही नाही.

वेष्टणावरची भाषा हा आणखी एक विषय. केसिनेट, व्हे पावडर म्हणजे दूधच, हे पालकांना शिकवावे लागते. भारतात २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादींचा वेष्टणावर उल्लेख बंधनकारक झाला. त्या यादीत तीळ नव्हते. २०१६ साली नताशा एडनान-लपेरूझ ही १५ वर्षांची इंग्लिश मुलगी सँडविचच्या पावातील तिळांमुळे दगावली. वेष्टणावर तिळांचा उल्लेख नव्हता. त्यानंतर तेथे कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या अन्नावरही घटकांची पूर्ण यादी लागते.

पदवी घेताना शिकलेले पुढे पुरत नाही, याचे ठळक उदाहरणही शेंगदाण्याचेच. ज्या बालकांना ॲलर्जीचा धोका अधिक, त्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत दाणे देऊ नयेत असा सल्ला ब्रिटनमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत २००० साली दिला गेला. २००८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी तो मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनमधील ६४० बालकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: दाणे टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, लहानपणापासून खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्के. (अख्खे दाणे मात्र नव्हेत, ते बाळाच्या घशात अडकतात.) १९९९ साली शिकून बाहेर पडलेला आणि नंतर पुस्तक न उघडलेला आहारतज्ज्ञ अजून जुनाच सल्ला देत असेल.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश संलग्न आरोग्य व्यवसायांत केला. अभ्यासक्रमात भर मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार यांवर असतो, आणि रुग्णसंख्या पाहता ते साहजिकही आहे. पण ॲलर्जीच्या दवाखान्यात बसून पन्नास हकीकती ऐकणे आणि देखरेखीखालील दहा-वीस चाचण्या डोळ्यांनी पाहणे, एवढे तरी प्रशिक्षणात असावे असे आम्हाला वाटते.

मधल्या सुट्टीतला डबा शिक्षकांच्या नजरेसमोर उघडतो. एखाद्या मुलाला तेव्हा त्रास झाला तर काय खाल्ले, कोणाच्या डब्यातले, किती वाजता, आणि चिन्हे किती मिनिटांनी दिसली, हे कागदावर लिहून पालकांकडे द्यावे. आहारतज्ज्ञाला नेमके हेच हवे असते. मात्र श्वास लागला, आवाज बसला किंवा मूल गळून गेले तर नोंदी मागाहून. आधी १०८ ला फोन. अशा वेळी पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाज थांबवणारी गोळी देऊन वाट पाहत बसू नये.