बनावट ऑनलाइन दुकान आणि क्रेडिट कार्डाचा परतावा : तक्रारीतील कारण ठरते निर्णायक

सणासुदीचे दिवस जवळ आले की समाजमाध्यमांवर आकर्षक जाहिरातींची रेलचेल सुरू होते. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह, सत्तर ते ऐंशी टक्क्यांची सवलत आणि ‘फक्त आजच्या दिवसापुरते’ अशी घाई. समजा, वडोदऱ्यातील एका ग्राहकाने अशाच एका संकेतस्थळावरून ६,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. क्रेडिट कार्डाचा तपशील भरला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि व्यवहार पूर्ण झाला. दहा दिवस उलटूनही वस्तू आली नाही, दूरध्वनी लागेना आणि काही दिवसांनी संकेतस्थळच नाहीसे झाले.

अशा वेळी बहुतेक ग्राहक बँकेला कळवतात की, ‘माझ्या कार्डावर फसवणूक झाली आहे.’ सर्वसामान्य भाषेत हे विधान अगदी खरे असते. बँकेच्या कार्यपद्धतीत मात्र या एका विधानामुळे तक्रार चुकीच्या मार्गाला लागू शकते आणि ‘व्यवहार ओटीपीद्वारे प्रमाणित झाला आहे’ एवढेच उत्तर देऊन ती बंद केली जाऊ शकते. परतावा मिळण्याची शक्यता त्यामुळे संपत नाही. मात्र त्यासाठी कोणते दार ठोठवावे, हे माहीत असावे लागते.

दोन वेगळ्या प्रकारचे व्यवहार

ग्राहकाच्या संमतीशिवाय, त्याच्या नकळत कार्डावरून पैसे गेले, तर तो ‘अनधिकृत व्यवहार’ ठरतो. अशा व्यवहारांबाबत ग्राहकाचे दायित्व मर्यादित करणारे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढले. बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना त्रयस्थाने व्यवहार केला आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तो कळवला, तर ग्राहकाचे दायित्व शून्य असते. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास पाच लाख रुपयांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ते प्रतिव्यवहार कमाल १०,००० रुपये, तर त्याहून अधिक मर्यादेच्या कार्डासाठी २५,००० रुपये, अशी चौकट या परिपत्रकाने घालून दिली. त्यानंतरच्या विलंबासाठी बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते. हे नियम वेळोवेळी सुधारले जात असल्याने आपल्या बँकेचे चालू धोरण संकेतस्थळावर पाहून घेणे हिताचे ठरते.

बनावट दुकानातील खरेदीचे स्वरूप वेगळे असते. येथे रक्कम ग्राहकाने स्वतः पाहिली, स्वतः मान्य केली आणि ओटीपीही स्वतःच टाकला. फसवणूक झाली ती विक्रेत्याच्या वचनात. त्यामुळे २०१७ च्या परिपत्रकातील शून्य दायित्वाचा आधार येथे सहसा उपयोगी पडत नाही. अशा प्रकरणी ‘चार्जबॅक’ ही प्रक्रिया कामी येते.

चार्जबॅक म्हणजे काय?

कार्डाच्या प्रत्येक व्यवहारात ग्राहक आणि दुकानदार यांच्याखेरीज आणखी तीन घटक असतात : ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराच्या वतीने पैसे स्वीकारणारी बँक आणि या दोहोंना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे कार्ड नेटवर्क. ऑनलाइन दुकानाच्या बाबतीत पैसे स्वीकारणारी बँक आणि दुकानदार यांच्यामध्ये बहुधा एक ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ कंपनीही असते.

ग्राहकाने हरकत नोंदवल्यावर त्याची बँक नेटवर्कच्या माध्यमातून समोरच्या बँकेकडून रक्कम परत मागते. हीच चार्जबॅकची प्रक्रिया होय. दुकानदाराला ठराविक मुदतीत वस्तू पोहोचवल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो न दिल्यास किंवा पुरेसा न ठरल्यास रक्कम ग्राहकाच्या कार्डावर जमा होते. दुकानदार गायब झाला असेल, तर पैसे स्वीकारणाऱ्या बाजूला हा भार सोसावा लागतो. विक्रेता सापडत नसतानाही परतावा मिळू शकतो, तो याच कारणाने.

चार्जबॅक हा कार्ड नेटवर्कच्या नियमांतून निर्माण झालेला उपाय आहे. त्यामुळे त्याची मुदत, कारणे आणि पुरावे यांबाबतच्या अटी काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

कारण अचूक निवडा

बँकेच्या हरकत अर्जात कारणांची यादी दिलेली असते. ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हा पर्याय बनावट दुकानाच्या प्रकरणात निवडू नये. ते विधान सत्य नसते आणि ओटीपीची नोंद समोर येताच अर्ज निकाली निघण्याचा धोका असतो. वस्तुस्थितीनुसार पुढीलपैकी एक कारण लागू पडते.

वस्तू आलीच नसेल, तर ‘वस्तू किंवा सेवा प्राप्त झाली नाही’ हे कारण द्यावे. व्यवहार ओटीपीने प्रमाणित झाला होता, ही बाब या कारणाआड येत नाही. वाद पैसे कोणी दिले याचा नसून त्या बदल्यात काही मिळाले का, याचा असतो.

मागवलेल्या वस्तूऐवजी भलतेच काही आले असेल, तर ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे कारण लागू होते. नामांकित कंपनीच्या नावाखाली नकली माल आला असेल, तर त्यासाठी स्वतंत्र कारण असते. दुकानदाराने परताव्याचे लेखी आश्वासन देऊनही रक्कम जमा केली नसेल, तर ‘परतावा जमा झाला नाही’ हे कारण निवडता येते.

यातील एक डावपेच लक्षात ठेवण्याजोगा आहे. मिक्सरऐवजी एखादा रुमाल किंवा स्वस्त खेळणे पाठवून काही भामटे कुरिअरचा क्रमांक मिळवतात आणि तोच ‘वस्तू पोहोचल्याचा’ पुरावा म्हणून सादर करतात. असे पार्सल आल्यास ते फेकून देऊ नये. वेष्टनावरील पत्ता, वजन आणि क्रमांक यांसह छायाचित्रे काढावीत, वस्तू जपून ठेवावी आणि ती परत करण्याची तयारी असल्याचे विक्रेत्याला लेखी कळवावे. अशा प्रसंगी ‘वस्तू मिळाली नाही’ असे नव्हे, तर ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ असेच लिहावे.

मुदतीचे गणित

प्रमुख नेटवर्कच्या नियमांनुसार अशा हरकतींसाठी साधारणतः १२० दिवसांची मुदत असते. वस्तू न मिळाल्याच्या प्रकरणात ती सामान्यतः वस्तू मिळणे अपेक्षित होते त्या तारखेपासून मोजली जाते. तथापि ही मुदत बँकेने नेटवर्ककडे दावा दाखल करण्याची असते. त्यामुळे ग्राहकाकडून बँका त्याहून बऱ्याच लवकर अर्ज मागतात. ‘जकातीमुळे विलंब’, ‘आणखी दोन आठवडे थांबा’ असे संदेश पाठवून ग्राहकाला ताटकळत ठेवण्यामागे ही मुदत संपवण्याचा हेतूही असू शकतो. दिलेली तारीख उलटली आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर थांबण्यात अर्थ नाही.

अंशतः परताव्याच्या प्रस्तावाबाबतही सावध राहावे. ‘वीस टक्के घ्या आणि विषय संपवा’ हा प्रस्ताव मान्य केल्यास उरलेल्या रकमेवरील दावा दुबळा होतो. ‘आधी बँकेतील तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ या आश्वासनावरही विसंबू नये. रक्कम कार्डाच्या विवरणपत्रात प्रत्यक्ष दिसेपर्यंत हरकत मागे घेऊ नये.

पहिल्या दिवशी काय करावे?

पहिले काम म्हणजे कार्ड बंद करणे. बनावट संकेतस्थळाला कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही असा सारा तपशील मिळालेला असतो. परदेशातील अनेक संकेतस्थळांवर ओटीपीविना व्यवहार होऊ शकतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सुविधा तत्काळ बंद करता येते. त्यानंतर कार्ड कायमचे रद्द करून नवे मागवावे. पुढे त्या कार्डावरून अनोळखी व्यवहार झालाच, तर तो मात्र ‘अनधिकृत’ ठरतो आणि तीन कामकाजी दिवसांचा नियम त्याला लागू पडू शकतो.

दुसरे काम १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करणे किंवा ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवणे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील या यंत्रणेशी बँका जोडलेल्या आहेत. दुकानदाराच्या खात्यावर रक्कम वर्ग होण्यास काही अवधी लागतो. त्याआधी सूचना पोहोचली, तर ती रोखता येण्याची शक्यता असते. त्यामुळे येथे पहिल्या काही तासांना फार मोल आहे. तक्रारीचा पोच क्रमांक पुढे बँकेलाही द्यावा.

तिसरे काम पुरावे जमवणे. संकेतस्थळ कोणत्याही क्षणी नाहीसे होऊ शकते. म्हणून जाहिरात, वस्तूचे वर्णन, किंमत, वस्तू पोहोचवण्याची दिलेली तारीख, परतावा धोरण, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, मागणीचा क्रमांक आणि बँकेचा लघुसंदेश यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. विवरणपत्रात दुकानाऐवजी वेगळेच नाव दिसत असेल, तर तेही टिपून ठेवावे. ते बहुधा पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे असते आणि त्या कंपनीकडेही तक्रार करता येते.

चौथे काम म्हणजे विक्रेत्याला ई-मेलने लेखी मागणी करणे. उत्तर येणार नाही हे ठाऊक असले, तरी ती करावी. हरकत नोंदवण्यापूर्वी ग्राहकाने विक्रेत्याशी संपर्काचा प्रयत्न केला होता का, हे पाहिले जाते. न पोहोचलेला ई-मेल हाही पुरावाच असतो.

बँकेला काय लिहावे?

केवळ दूरध्वनीवर विसंबू नये. हरकत अर्ज भरावा आणि सोबत थोडक्यात, तारखांनिशी निवेदन जोडावे. ते असे असू शकते : ‘दिनांक ३ ऑक्टोबर रोजी मी सदर संकेतस्थळावरून मिक्सर मागवला व ६,४९९ रुपये अदा केले. विक्रेत्याने दिनांक १० ऑक्टोबरपर्यंत वस्तू देण्याचे मान्य केले होते. अद्याप वस्तू प्राप्त झालेली नाही. दिनांक १२ व १४ ऑक्टोबर रोजी केलेल्या ई-मेलना उत्तर मिळालेले नाही. संकेतस्थळ आता बंद आहे. वस्तू प्राप्त न झाल्याच्या कारणास्तव चार्जबॅक प्रक्रिया सुरू करावी व तक्रार क्रमांक कळवावा.’ संतापापेक्षा तारखांचे वजन येथे अधिक असते.

विवादित रक्कम वगळून बिलाची उर्वरित रक्कम मुदतीत भरणे आवश्यक आहे. अन्यथा विलंब शुल्क, व्याज आणि पतमानांकनावरील परिणाम असे नवेच प्रश्न उभे राहतात. विवादित रक्कम तात्पुरती जमा केली जाईल का आणि तोवर तिच्यावर व्याज लागेल का, हे बँकेला लेखी विचारावे. अशी तात्पुरती जमा अंतिम नसते. निर्णय विक्रेत्याच्या बाजूने लागल्यास ती परत वजा होते. खरेदी मासिक हप्त्यांत असेल, तर हप्ते स्थगित करण्याची मागणी स्वतंत्रपणे करावी.

नकार आला तर

बिलातील नोंदीवर ग्राहकाने आक्षेप घेतल्यास कमाल ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा देणे, रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बँकेवर बंधनकारक आहे. अर्ज फेटाळला गेल्यास कोणत्या कारणाखाली चार्जबॅक दाखल केला होता आणि समोरून कोणता पुरावा आला, हे लेखी मागावे. चुकीच्या कारणाखाली दावा गेल्याचे आढळल्यास तो सुधारून मुदतीत पुन्हा विचारात घेण्याची मागणी करता येते. त्यानंतर बँकेच्या प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे दाद मागावी.

३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी वकिलाची आवश्यकता नसते. लोकपाल बँकेच्या सेवेतील त्रुटी तपासतो. त्यामुळे ‘दुकानदाराने फसवले’ यापेक्षा ‘मुदतीत कळवूनही बँकेने चार्जबॅक दाखल केला नाही’ हा मुद्दा तेथे अधिक परिणामकारक ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोग हे पर्यायही खुले असतात.

परताव्याच्या नावाने दुसरा गंडा

एकदा फसलेल्या ग्राहकावर पुन्हा जाळे टाकले जाते. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारे दूरध्वनी येतात, प्रक्रिया शुल्क मागितले जाते, मोबाइलचा पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाते किंवा क्यूआर कोड पाठवला जातो. पैसे मिळवण्यासाठी ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर न शोधता कार्डाच्या मागील बाजूस छापलेलाच वापरावा.

खरेदीपूर्वी काही क्षण दिले, तर हा सारा खटाटोप टळू शकतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या आस्थापनेने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ठळकपणे देणे आवश्यक आहे. जीएसटी क्रमांक दिलेला असल्यास तो जीएसटी पोर्टलवर पडताळता येतो. हा तपशील कोठेही आढळत नसेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी कार्ड खिशातच ठेवावे.