एक पीक, तीन कपाटं

सकाळी ८
निपाणीतून अर्जुननगरला यायचं म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात यायचं. घर बेळगाव जिल्ह्यात, देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात. आम्हा पोरींना त्याचं काही वाटत नाही. पण प्रकल्पासाठी संदर्भ शोधायला लागल्यापासून कळतंय, कागदपत्रंही अशीच सीमेच्या दोन्ही अंगांना विखुरलीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात निपाणी 1884 च्या बेळगावच्या खंडात, तर शेजारचं कागल 1886 च्या कोल्हापूरच्या खंडात.

साडेनऊ
ग्रंथपाल मॅडमनी माझी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "निपाणीचं तंबाखू आंदोलन हा विषय झाला. तुझा प्रश्न काय आहे, ते लिहून आण."
तासभर त्यातच गेला, आणि जायलाच हवा होता. शेवटी लिहिलं : 1981 साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर शेतकरी तंबाखूच्या भावासाठी पुणे–बंगळूर महामार्गावर बसले, तेव्हा वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचं काय चाललं होतं? माझी आजी त्या वखारीतलीच.

११
आता कपाटं. ड्युई पद्धतीत तंबाखूचं पीक 633.71 ला, कामगार 331 ला, भारताचा इतिहास 954 ला. एकाच गावातला शेतकरी एका कपाटात, त्याच्या तंबाखूवर काम करणारी बाई दुसऱ्यात, त्या आंदोलनात पोलिसांनी महामार्गावर केलेला गोळीबार तिसऱ्यात. संगणकावर 'शेतकरी चळवळ' टाकलं तर विडी कामगार येतच नाहीत. 'विडी' टाकलं की शेतकरी गायब. म्हणून दोन्ही शब्दांनी शोधायचं आणि हाती लागलेल्या पुस्तकाच्या मागची संदर्भसूची आधी वाचायची. मला वाटतं, पदवीच्या पहिल्याच वर्षी प्रत्येकाला हे शिकवायला हवं. परीक्षेपुरत्या नोट्स वाचणाऱ्याला आपल्या गावाचा इतिहास दुसऱ्यानं निवडून दिलेलाच मिळतो.

दीड
डबा खाल्ला आणि लगेच परत.

दुपारी २
जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली. गोळीबार 6 एप्रिल 1981 चा, म्हणून 7 तारखेचा अंक काढायचा हे कुणालाही सुचेल. मॅडमनी त्याच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचा महिना वाचायला सांगितला. पहिल्या दिवशीची बातमी घाईत लिहिलेली असते; मृतांचा आकडा, कोण काय म्हणालं, पोलिसांची बाजू, सगळं पुढच्या अंकांत बदलू शकतं. प्रत्येक टिपणावर दैनिकाचं नाव, तारीख, पान. मथळ्यातलं एका चिठ्ठीवर, आतल्या मजकुरातलं दुसरीवर. बायकांचा उल्लेख आला की लाल पेन. पानं जीर्ण झालीत, उलटताना दोन्ही हात लागतात.

४
शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोध. रोमनमध्ये निपाणीला कुणी एक 'पी' लावतं, कुणी दोन. शेजारच्या चिकोडीच्या 'के'चंही तेच. बेळगावचं अधिकृत नाव 2014 मध्ये बदललं, तेव्हा त्याआधीचा प्रबंध जुन्या नावानं शोधावा लागतो. सगळी रूपं वहीत लिहून एकेक टाकली. याच शोधात बंगळूरच्या युगांतर गटानं 1982 साली निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर केलेल्या माहितीपटाचा धागा लागला. मराठी पुस्तकांच्या कपाटांत त्याचा मागमूस नव्हता. कन्नड वृत्तपत्रांसाठी वर्गातल्या मैत्रिणीला बरोबर घेणार आहे. ती कन्नड माध्यमात शिकलेली.

संध्याकाळी ७
आजीसमोर मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आधी तिला विचारूनच. "तुम्ही आंदोलनात होता का?" असं विचारलं तर ती "व्हय" म्हणून थांबली असती. म्हणून विचारलं, "त्या उन्हाळ्यात वखार चालू होती काय आजी? मजुरी मिळत होती?"
ती बोलत राहिली. वखारीतली धूळ, खोकला, मुकादमाच्या शिव्या, संघटनेच्या सभेला पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या बायका. तारखा तिला आठवत नाहीत, सण आठवतात. शिमगा म्हणाली, पाडवा म्हणाली. त्या वर्षीच्या पंचांगावरून तारखा लावता येतील, मग फायलींतल्या बातम्यांशी ताडून बघेन.

९
उद्याची यादी : पंचांग. शनिवारी बेळगाव, 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय. आणि आजीला एक विचारायचं राहिलं : गोळीबाराची बातमी वखारीत कुणी आणली?