बट्टी आधी का उकडायची?

नंदुरबारकडे पाहुणे आले की वरण-बट्टीचा बेत ठरतो. गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं, गोळे उकडायचे, मग कापून तुपात तळायचे. इटलीतला ओव्हनमधला पास्ताही याच वाटेनं जातो: आधी पाण्यात, नंतर कोरड्या आचेत.

दोनदा का शिजवायचं? उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या पुढे तापत नाही. पिठातला स्टार्च साधारण 60 ते 70 अंशांना पाणी शोषून फुगू लागतो, त्यामुळे गोळा आतपर्यंत शिजतो. पण त्याला तांबूस रंग येत नाही. त्यासाठी वरचा थर कोरडा होऊन 140 अंशांच्या आसपास तापावा लागतो. मग प्रथिनं आणि शर्करा एकत्र येऊन तो खमंग वास तयार होतो. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी 1912 मध्ये मांडली.

माझ्या मते खरी गंमत मधल्या थांब्यात आहे. बट्टी गार झाली की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि गोळा घट्ट होतो. गरम बट्टी सुरीला चिकटते, गार बट्टीच्या फोडी स्वच्छ पडतात.

नोकरी करणाऱ्या घरांना हाच थांबा उपयोगाचा. आदल्या रात्री बट्ट्या उकडून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी कुकरमध्ये तुरीची डाळ लावा, फोडींना तूप चोळा आणि 200 अंशांवर वीसेक मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटायला विसरू नका. ओव्हन नसेल तर जाड तवा घ्या.