विश्लेषण : अभिनय फसला, तरी प्रेक्षक खूश! असे का होते?

लॉस एंजेलिसमध्ये २७ जून २००३ रोजी ‘द रूम’ नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक असे सगळे काही एकच व्यक्ती होती, टॉमी विझो. चित्रपटावर सुमारे ६० लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते. दोन आठवड्यांत गल्ल्यात पडले जेमतेम १८०० डॉलर. हिशेबाने हा चित्रपट तिथेच विस्मरणात जायला हवा होता. झाले उलटेच. मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होऊ लागली आणि वीस वर्षांनंतरही अनेक देशांत त्याचे खेळ होत राहिले. प्रेक्षक नायकाच्या आधी त्याचे संवाद म्हणतात आणि पडद्याच्या दिशेने प्लास्टिकचे चमचे फेकतात, कारण नायकाच्या घरात चक्क चमच्याचे चित्र असलेली फ्रेम आहे. हे सगळे लोक तिकीट काढून येतात ते फसलेला अभिनय पाहायला. त्यात एवढे काय असते? आणि हे हसणे कौतुकाचे कधी असते, छळाचे कधी होते?

‘द रूम’मध्ये नेमके काय बिघडले?

कथा साधी आहे. जॉनी हा सज्जन बँक कर्मचारी, त्याची वाग्दत्त वधू लिसा आणि तिचे जॉनीच्याच जिवलग मित्राशी, मार्कशी जुळलेले प्रकरण. गच्चीवरचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. आपल्यावर मारहाणीचा खोटा आरोप झाल्याने संतापलेला जॉनी गच्चीवर येतो, स्वतःशीच बोलत पाण्याची बाटली आपटतो आणि पुढच्याच क्षणी, काहीच घडले नसल्यासारखा, ‘ओह, हाय मार्क’ म्हणतो. राग आला कुठून आणि गेला कुठे, हे कळतच नाही. चित्रपटातील सहकलाकार ग्रेग सेस्टेरो यांनी नंतर लिहिलेल्या पुस्तकानुसार काही सेकंदांच्या या दृश्यासाठी ३२ टेक लागले.

अभिनयाच्या भाषेत सांगायचे तर इथे तीन गोष्टी तुटतात. नट समोरच्याचे ऐकतो आहे असे वाटत नाही, भावना आणि आवाज यांचा मेळ बसत नाही आणि एका भावनेतून दुसऱ्या भावनेत जाण्याची वाट दिसत नाही. एरवी चांगला नट हे सांधे लपवतो. विझो यांच्या अभिनयात ते उघडे पडतात. यंत्राचे झाकण काढल्यावर आतली चाके दिसावीत, तसा अभिनय आतून कसा चालतो हे प्रेक्षकाला दिसते. मजेचा पहिला भाग इथे आहे.

कंटाळवाणा वाईट आणि मजेदार वाईट यांत फरक काय?

वाईट अभिनय असलेले बहुतेक चित्रपट आपण अर्ध्यावर सोडून देतो. आळसाने, पाट्या टाकत केलेल्या अभिनयाला कुणी चमचे फेकत नाही. मजा येते ती जीव तोडून केलेले काम फसते तेव्हा. अमेरिकी लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६४ मध्ये ‘नोट्स ऑन कॅम्प’ या निबंधात हाच भेद मांडला होता. अस्सल ‘कॅम्प’ हे अजाणता घडते. त्यात करणारा पूर्ण गंभीर असतो आणि त्याचे गांभीर्यच कोसळते. ‘द रूम’च्या जाहिरातीत तर टेनेसी विल्यम्स या थोर नाटककाराचे नाव घेतले गेले होते. विझो यांना शोकनाट्य करायचे होते, हा त्याचा पुरावा. ही आपली ‘ब्लॅक कॉमेडी’ आहे, अशी जाहिरात पुढे सुरू झाली, ती हशा सुरू झाल्यानंतर.

आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, तो म्हणजे रसाभास. करुण, शृंगार किंवा वीर रस चुकीच्या जागी किंवा चुकीच्या मापाने आला की तो रस उरत नाही, त्याचा नुसता भास उरतो. भरताच्या नाट्यशास्त्रावर भाष्य करणाऱ्या अभिनवगुप्ताने अशा अनौचित्यातून हास्य निर्माण होते, असे सांगितले आहे. गच्चीवरचा जॉनी करुण रस मागतो आणि त्याला हास्य मिळते, याचे स्पष्टीकरण हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताकडे सापडते, ते असे.

म्हणूनच ठरवून ‘वाईट’ केलेले चित्रपट क्वचितच तेवढे प्रेम मिळवतात. नट प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो आहे, असे वाटले की खेळ संपतो. पडण्याचे सोंग करणाऱ्याकडे आपण एकदा पाहतो. खरोखर तोल सावरण्याची धडपड करणाऱ्यावरून मात्र नजर हटत नाही.

हसू येण्यामागचे मानसशास्त्र काय सांगते?

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये विनोदाविषयी एक सिद्धांत मांडला. काहीतरी नियमाबाहेरचे घडावे, पण त्याने कुणाचे नुकसान होत नाही असेही त्याच वेळी वाटावे, तेव्हा माणूस हसतो. फसलेला अभिनय या व्याख्येत चपखल बसतो. माणसांनी कसे बोलावे, कसे रडावे याचे नियम मोडलेले असतात आणि ते ‘सिनेमातच’ मोडलेले असतात. यातला दुसरा भाग, म्हणजे कुणाचे नुकसान न होणे, महत्त्वाचा आहे. त्याकडे शेवटी वळू.

अशा चित्रपटांचा चाहता कोण असतो, याचाही अभ्यास झाला आहे. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधील केवान सारखोश आणि विनफ्रीड मेनिंगहाउस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे चित्रपट आवडीने पाहणारे सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आढळले. कलात्मक चित्रपटांपासून भडक चित्रपटांपर्यंत सर्व काही पाहणारे हे प्रेक्षक आहेत. ते साहजिकही आहे. सूर ठाऊक असलेल्यालाच बेसूर गाण्यातली गंमत नीट कळते.

शिवाय ही मजा एकट्याची नाही. एकटे बसून ‘द रूम’ पाहिला तर पहिल्या अर्ध्या तासात पेंग येईल. दहा मित्रांसोबत पाहिला तर तो सण होतो. कोणत्या क्षणी काय ओरडायचे, हे ठाऊक असलेल्यांची एक जमात तयार होते. खरे आकर्षण त्या जमातीत सामील होण्याचे असते.

भारतात याचे उदाहरण कोणते?

अभियांत्रिकीच्या हॉस्टेलवर राहिलेल्यांना उत्तर सांगायची गरज नाही. कांती शाह दिग्दर्शित ‘गुंडा’ हा १९९८ चा चित्रपट. मिथुन चक्रवर्ती यांचा शंकर, मुकेश ऋषी यांचा बुल्ला आणि आपले नाव सांगत यमके जुळवणारी खलनायकांची फौज. चित्रपटगृहांत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे हॉस्टेलच्या लॅनवर, पेन ड्राइव्हमधून आणि नंतर यूट्यूबवरून तो पिढ्यान् पिढ्या हस्तांतरित होत गेला. सीनियरने ज्युनियरला नोट्स द्याव्यात, तसा ‘गुंडा’ दिला जाई.

‘गुंडा’वर हसताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यातला नायक वाईट नट नाही. मिथुन यांना १९७६ च्या ‘मृगया’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावावर एकूण तीन राष्ट्रीय पुरस्कार आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला. नव्वदच्या दशकात उटीला बस्तान हलवून त्यांनी कमी खर्चात, झटपट उरकणाऱ्या चित्रपटांचा सपाटा लावला होता. त्या वेगात अभिनयाला किती जागा उरत असेल, याचा अंदाज करता येतो.

मग दोष नेहमी नटाचाच असतो का?

बहुतेक वेळा नाही. ‘ट्रोल २’ हा १९९० चा चित्रपट जगातील सर्वांत वाईट चित्रपटांत गणला जातो. नावात ट्रोल असले तरी चित्रपटात एकही ट्रोल नाही, आहेत ते गॉब्लिन. अमेरिकेतील युटा राज्यात इटालियन चमूने तो चित्रित केला. दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागासो यांचे इंग्रजी तोडकेमोडके होते, संवादही तसेच होते आणि ते लिहिल्याबरहुकूम म्हणण्याचा आग्रह होता. कलाकार बहुतांश हौशी. नायकाच्या वडिलांची भूमिका करणारे जॉर्ज हार्डी पेशाने दंतवैद्य. अशा वेळी नटाने करायचे काय?

दुसरे कारण शैलीचे. नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद आहे. पहिली शैली रोजच्या जगण्यासारखी, दुसरी संकेतांवर चालणारी. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात मराठी रंगभूमीवरील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आणि हावभाव पोहोचवावे लागत. तोच अभिनय कॅमेऱ्याच्या क्लोजअपमध्ये ‘ओव्हरअ‍ॅक्टिंग’ ठरतो. कौशल्य तेच असते, माध्यम बदललेले असते.

याचे अगदी जवळचे उदाहरण २०२० मधले. टाळेबंदीच्या काळात मूळच्या औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखाटे या अभियंता-संगीतकाराने ‘साथ निभाना साथिया’ मालिकेतील कोकिलाबेनच्या संवादांना ताल दिला आणि ‘रसोडे में कौन था’ देशभर गाजले. कोकिलाबेन साकारणाऱ्या रूपल पटेल राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदवीधर आहेत. त्यांचा अभिनय वाईट नव्हताच, तो मालिकेच्या चढ्या सुरात बरोबर बसवलेला होता. संदर्भ काढून घेतल्यावर तो गमतीदार झाला. पटेल यांनी मुखाटे यांचे कौतुक केले आणि काही आठवड्यांतच मालिकेचा दुसरा भाग पडद्यावर आला.

हसे झालेल्यांचे पुढे काय होते?

काहींनी ते अंगावर घेऊन जिरवले. सर्वांत वाईट कामगिरीसाठी अमेरिकेत १९८१ पासून दिले जाणारे ‘रॅझी’ पुरस्कार बहुतेक कलाकार टाळतात. हॅली बेरी मात्र २००५ मध्ये ‘कॅटवुमन’साठीचा रॅझी घ्यायला स्वतः गेल्या, तेही हातात आपले ऑस्कर घेऊन. ‘ट्रोल २’मधील बालकलाकार मायकेल स्टीफन्सन यांनी मोठेपणी आपल्याच चित्रपटाच्या अपयशावर ‘बेस्ट वर्स्ट मूव्ही’ हा माहितीपट केला. विझो स्वतः ‘द रूम’च्या खेळांना हजेरी लावू लागले.

पण विझो यांची एक आठवण अस्वस्थ करणारी आहे. ‘द रूम’च्या निर्मितीवर बेतलेल्या ‘द डिझास्टर आर्टिस्ट’मध्ये जेम्स फ्रँको यांनी विझो साकारले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांना गोल्डन ग्लोब मिळाला. त्यांनी विझो यांनाही मंचावर बोलावले. विझो माइककडे सरसावताच फ्रँको यांनी हसत हसत त्यांना हाताने मागे सारले. सभागृह हसले. विझो यांच्या वाईट अभिनयाचा चांगला अभिनय करणाऱ्याला पुरस्कार मिळाला आणि मूळ माणसाला दोन शब्द बोलायलाही मिळाले नाहीत.

मग हसण्याची सीमा कुठे?

रॅझीच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. २०२२ मध्ये ब्रूस विलिस यांच्या आठ चित्रपटांसाठी खास ‘वाईट कामगिरी’चा विभाग केला गेला. त्यानंतर त्यांना वाचाघात, म्हणजे शब्द बोलण्या-समजण्यावर परिणाम करणारा विकार असल्याचे कुटुंबीयांनी जाहीर केले. ज्या अडखळण्यावर लोक हसत होते, त्यामागे आजार असू शकतो, हे उघड होताच रॅझीने पुरस्कार मागे घेतला. त्याच वेळी ‘द शायनिंग’साठी शेली डुव्हाल यांना दिलेले चार दशकांपूर्वीचे नामांकनही रद्द केले, कारण दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी चित्रीकरणात त्यांना दिलेली वागणूक. २०२३ मध्ये १२ वर्षांच्या रायन कीरा आर्मस्ट्राँगला नामांकन दिल्यावर टीका झाली. रॅझीला माफी मागावी लागली आणि १८ वर्षांखालील कलाकारांना वगळण्याचा नियम करावा लागला.

‘स्टार वॉर्स’च्या १९९९ च्या भागात जार जार बिंक्स हे पात्र साकारणारे अहमद बेस्ट यांनी तर २०१८ मध्ये सांगितले की, तेव्हाच्या टीकेमुळे आयुष्य संपवण्याचा विचार आपल्या मनात आला होता. पात्र कसे बोलणार, कसे चालणार हे त्यांनी एकट्याने ठरवलेले नव्हते. शिव्या मात्र त्यांच्या वाट्याला आल्या.

मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा इथे परत येतो. नियम मोडल्याचे हसू तोपर्यंतच निर्मळ असते, जोपर्यंत कुणाचे नुकसान होत नाही. पूर्वी ते नुकसान वृत्तपत्रातील एका परीक्षणापुरते होते. आता दहा सेकंदांची क्लिप, न पुसली जाणारी, नटाच्या घरापर्यंत पोहोचते आणि तो नट अनेकदा मोठा तारा नसतो. तो पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला गावाकडचा रीलवालाही असतो. त्यामुळे क्लिप पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. हा सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या जोरावर या मंचावर उभा राहिला होता का? आणि हे हसणे त्याच्यासमोर, त्याच सभागृहात बसून हसता येईल का?

दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल हसावे. चमचे फेकणारे प्रेक्षक तेच करतात आणि समोर टॉमी विझो बसलेले असतात.