मुद्दाम केलेली चूक

१९२७ साली हर्मन मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने फळमाश्यांवर क्ष-किरणांचा मारा केला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत भराभर म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तने, दिसू लागली. कुणाचे डोळे बदलले, कुणाचे पंख. या कामाला १९४६ साली नोबेलही मिळाले. अडचण एकच होती, या माऱ्याला नेम नव्हता. असंख्य माश्या चाळून हवा तो बदल झालेली एखादी हाती लागली तर नशीब, आणि डीएनएच्या नेमक्या कुठल्या अक्षरात फरक पडला हे तेव्हा कळतही नव्हते. पुढची पन्नासेक वर्षे जनुकशास्त्राचा कारभार बराचसा असाच चालला. आधी मोडतोड करायची, मग काय मोडले ते शोधत बसायचे.

नेम धरायला शिकवले मायकल स्मिथ यांनी. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलचा हा रसायनशास्त्रज्ञ १९५६ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरला गेला, तो हरगोविंद खोराना यांच्या हाताखाली काम करायला. पुढे डीएनएचे छोटे तुकडे एकेक अक्षर जोडत रासायनिक पद्धतीने बनवण्यात स्मिथ यांनी हातखंडा मिळवला. १९७५ साली ते वर्षभरासाठी केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे फाय-एक्स-१७४ या जिवाणूभक्षक विषाणूची सुमारे ५,४०० अक्षरांची संहिता वाचून काढण्याचे काम चालू होते. क्लाइड हचिसन हे अमेरिकन शास्त्रज्ञही तिथेच होते. या दोघांच्या कॉफीवरच्या गप्पांतून युक्ती निघाली.

युक्ती ऐकायला फारच साधी. डीएनएच्या दोन धाग्यांत ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ बसतो. मूळ धाग्याला जुळणारा एक छोटा तुकडा बनवायचा, पण त्यात एक अक्षर जाणूनबुजून चुकीचे ठेवायचे. चेनचा एक दात बसला नाही तरी बाकीची चेन लागते, तसा हा तुकडा बाकीच्या अक्षरांच्या जोरावर आपल्या जागी चिकटतो. मग पॉलिमरेज हे एन्झाइम त्या तुकड्यापासून पुढचा सगळा धागा विणून काढते. चूक नव्या धाग्यात कायमची शिरते. हे दोन धाग्यांचे डीएनए जिवाणूत सोडले की तो त्याच्या प्रती काढू लागतो, आणि त्यातल्या काही प्रतींत आपली चूक असते.

१९७८ साली स्मिथ, हचिसन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या १२ अक्षरांचे तुकडे वापरून हे करून दाखवले. विषाणूच्या एका जनुकात एक अक्षर बदलून त्यांनी ‘इथे थांबा’ असा संकेत घातला, आणि दुसरा तुकडा वापरून तो काढूनही दाखवला. शंभरातल्या साधारण १५ विषाणूंत हवा तो बदल झाला होता. क्ष-किरणांच्या जमान्यातल्या कुणालाही हा आकडा थापच वाटला असता. तरीही एका नामवंत नियतकालिकाने हा शोधनिबंध फारशा लोकांना रस वाटणार नाही म्हणून परत पाठवला होता! १९९३ साली याच कामासाठी स्मिथ यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या वर्षी पारितोषिकाचे दुसरे मानकरी होते डीएनएच्या भराभर प्रती काढणाऱ्या पीसीआर या तंत्राचे जनक कॅरी मुलिस. पुढे या दोन पद्धतींचा संसार उत्तम जमला. आज प्रयोगशाळेत चूक असलेले छोटे तुकडे, म्हणजे प्राइमर, घालून पीसीआरने अख्ख्या प्लास्मिडच्या, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळाच्या, प्रती काढतात. मग प्रश्न उरतो तो जुन्या, बिनचुकीच्या मूळ प्रतीचा. ती जिवाणूत तयार झालेली असल्याने तिच्यावर मिथाइल गटांच्या खुणा असतात, परीक्षानळीत बनलेल्या प्रतींवर त्या नसतात. डीपीएन-१ नावाचे एन्झाइम खुणा असलेले डीएनए तेवढे कापून टाकते. असल्या चतुराईचे श्रेय जिवाणूंनाच द्यायला हवे, आपण फक्त ती उसनी घेतली.

याचा उपयोग काय? कपडे धुण्याच्या पावडरीपासून सुरुवात करता येईल. त्यातले सब्टिलिसिन हे एन्झाइम डाग काढते, पण ब्लीचपुढे नांगी टाकते. दोष २२२व्या जागेवरच्या मिथिओनिन या अमिनो आम्लाचा होता. १९८५ साली जेनेनटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिथे दुसरी अमिनो आम्ले बसवून पाहिली, आणि त्यातल्या काहींमुळे ते ब्लीचमध्येही तग धरू लागले. इथे कुठला दात उपटायचा हे आधीच ठाऊक होते. तसे ठाऊक नसेल तर नेमबाजी कुचकामी ठरते. म्हणूनच फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी १९९०च्या दशकात सब्टिलिसिनवरच उलटी वाट धरली. बदल आंधळेपणाने करायचे आणि त्यातून चांगले ते निवडायचे. त्यांना २०१८ साली नोबेल मिळाले. मुलर यांचा बेनेम मारा पुरता मोडीत निघाला नव्हता तर!

मधुमेह असलेल्या कित्येक घरांत या तंत्राचे फळ फ्रीजमध्येच असते. साध्या इन्सुलिनचे सहा-सहा रेणू एकत्र गोळा होतात, म्हणून ते त्वचेखालून रक्तात हळू उतरते आणि जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागते. लिस्प्रो इन्सुलिनमध्ये बी साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकाच्या अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल केली आहे. त्याने रेणूंची ही गट्टी सैल होते आणि इंजेक्शन ताटावर बसतानाही चालते.

कोविडच्या काळातले उदाहरण तर पुण्यातलेच. विषाणूचे काटेरी स्पाइक प्रथिन पेशीला भिडताना आकार बदलते, आणि लशीला हवा असतो बदलण्यापूर्वीचा आकार. ९८६ आणि ९८७ या जागांवर प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल बसवले की तो आकार टिकून राहतो. फायझर, मॉडर्ना आणि नोव्हावॅक्स यांच्या लशींत हा बदल आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दोन लशींपैकी कोवोव्हॅक्समध्ये तो आहे, कोविशिल्डमध्ये नाही. यावरून कोविशिल्ड कुचकामी होती असे मात्र नव्हे, तिनेही असंख्य जीव वाचवले.

हल्ली जनुकबदल म्हटले की क्रिस्परचेच नाव निघते. जिवंत पेशीतल्या जनुकसंचात थेट फेरफार करायला क्रिस्परला तोड नाही, हे खरेच. पण एकेक अक्षर बदलणाऱ्या बेस एडिटर या क्रिस्परच्या सुधारित अवतारात कॅस-९ या कात्रीने डीएनएचे दोन्ही धागे कापून चालत नाही. त्यासाठी कात्रीचे एक पाते बोथट करावे लागते. कॅस-९च्या दहाव्या जागेवरचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल काढून तिथे अ‍ॅलॅनिन बसवले की ते काम होते, आणि प्रयोगशाळेत त्यासाठी वापरतात ती स्मिथ यांचीच जुनी युक्ती.